ताई प्रशिक्षणाला गेल्या तेव्हा

सरकारी रुग्णालयाच्या लाँड्रीत ताईंचा शब्द शेवटचा असायचा. खरं सांगायचं तर पहिला आणि मधलाही त्यांचाच असायचा.

रुग्णालयाच्या मागच्या अंगाला, बॉयलरच्या खोलीला लागून ही लाँड्री. पलीकडच्या दाराने मळलेल्या चादरींचे गठ्ठे यायचे, अलीकडच्या दाराने धुतलेल्या, वाळलेल्या, घडी घातलेल्या चादरी ढकलगाड्यांवर चढून वॉर्डांकडे जायच्या. ताई तिथे तरुणपणी लागल्या त्या घडीच्या टेबलावर. मग चादरींना इस्त्री करणाऱ्या रोलरवर गेल्या, मग पाळीच्या मुकादम झाल्या, आणि जुने प्रमुख निवृत्त झाल्यावर त्यांच्या खुर्चीवर आल्या. खुर्चीवर आल्या म्हणायचं इतकंच, बसल्या मात्र कधी नाहीत. कुणी चादर ओढताना दिसलं की ताई धावलेल्याच. "द्या इकडे. तुम्हाला नाही जमायचं." हे त्यांचं पालुपद. बोलण्यात राग नसायचा, उलट माया असायची. पण समोरच्याच्या हातातलं काम जायचं ते जायचंच.

घरीही तीच तऱ्हा. ताईंचे यजमान शिंपी. अख्ख्या वस्तीचे कपडे शिवणारा माणूस, पण घरात शर्टाचं बटण तुटलं की ताई म्हणायच्या, "द्या इकडे." ते बिचारे हसून देऊन टाकायचे. मूलबाळ नव्हतं, भांडणही नव्हतं, आणि चहाचा कप विसळायची मुभाही नव्हती.

लाँड्रीत ताईंच्या खालोखाल होता तो बरंभाऊ. खरं नाव हजेरीपटावर असेल तेवढंच. उंच, किडकिडीत, कमी बोलणारा. ताईंनी काहीही सांगितलं की म्हणायचा, "बरं." म्हणून बरंभाऊ. ताईंना वाटायचं, माणूस चांगला आहे पण जरा थंड आहे, सांगितल्याशिवाय याचं पान हलत नाही. याला आजवर न सांगता काही करायची संधी आपण दिली का, हा प्रश्न त्यांना पडला नव्हता. पडायला वेळ कुठे होता?

अशात सरकारने नियम काढला. ज्यांच्या हाताखाली माणसं आहेत अशा प्रत्येक विभागप्रमुखाने व्यवस्थापनाचं प्रशिक्षण घ्यायचं, परीक्षा द्यायची आणि प्रमाणपत्र मिळवायचं. न मिळालं तर नोकरी राहील, पगार राहील, पण डोक्यावर दुसरा प्रमुख येईल.

रुग्णालयाच्या अधीक्षकांनी ताईंना बोलावून हे सांगितलं, तर ताई म्हणाल्या, "साहेब, दीड महिना? मी गेले तर तुमची ऑपरेशनं बंद पडतील."

"नाही पडणार."

"साहेब, तुम्ही लाँड्री पाहिली नाहीत."

"तुम्हाला पाहिलंय ना," अधीक्षक म्हणाले. "इतक्या वर्षांत एक रजा नाही. जा आता. आणि पास होऊन या, मला तिथे दुसरं कुणी बसवायचं नाही."

जायच्या आदल्या दिवशी ताईंनी बरंभाऊला दिवसभर मागे मागे फिरवलं. वाफेचा काटा कुठवर जाऊ द्यायचा, ऑपरेशन थिएटरचे हिरवे कपडे कुणाच्या हातून जायचे, कुठल्या यंत्राचं दार गुडघ्याने दाबल्याशिवाय लागत नाही. त्याला हे सगळं माहीत होतं. तरी तो प्रत्येक गोष्टीला "बरं" म्हणाला. घरी यजमानांनाही तसंच, डबे कुठे, चहा किती, गॅस कसा बंद करायचा. "अगं, मला गॅस बंद करता येतो," ते म्हणाले. ताईंना खात्री नव्हती.

प्रशिक्षण केंद्र दुसऱ्या शहरात होतं. खाली वर्ग, वर राहायच्या खोल्या, भिंतींना ताज्या रंगाचा वास. वर्गात नाना तऱ्हेचे प्रमुख जमले होते: कुणी वाहनतळांचा, कुणी वाचनालयांचा, कुणी पाण्याच्या टाक्यांचा. ताईंच्या खोलीत होती सार्वजनिक बागांची अधीक्षक. मोठ्याने हसणारी, मोठ्याने झोपणारी बाई. पहिल्याच दिवशी तिने सांगून टाकलं, "मला सगळे बागवाली म्हणतात, तुम्हीही म्हणा."

शिकवायला ज्या बाई होत्या त्या पूर्वी बस आगार सांभाळायच्या. आवाज असा की शेवटच्या बाकावरच्याला वाटावं आपल्यालाच बोलल्या. त्यांनी पहिल्या आठवड्यात एक सराव दिला. प्रत्येकाच्या टेबलावर कागदांची चळत: एक तक्रार, दोन रजेचे अर्ज, बंद पडलेलं यंत्र, वरून मागितलेला खुलासा, असं बरंच काही. वर एका कागदावर लिहिलेलं, की तुमच्या हाताखाली चार माणसं आहेत, त्यांना काय काय येतं ते असं असं. दुपारपर्यंत सगळं मार्गी लावा.

ताईंना हुरूप आला. हे तर रोजचंच! मान खाली घालून त्यांनी एकेक कागद हातावेगळा केला. तक्रारीला उत्तर, वरच्यांना खुलासा, दुरुस्तीची मागणी, सगळं स्वतःच्या वळणदार अक्षरात. शेजारी बागवाली पेन चावत बसली होती. ताईंचं सगळ्यांच्या आधी झालं.

बाईंनी कागद चाळले. "अक्षर फार सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "शून्य."

ताईंना वाटलं, ऐकण्यात काहीतरी चूक झाली. "एकही कागद राहिलेला नाही, बाई."

"तेच तर. तुम्हाला चार माणसं दिली होती. ती दुपारपर्यंत काय करत होती?"

वर्गात कुणीतरी खुदकन हसलं. ताईंचे कान तापले.

संध्याकाळी त्यांनी बॅग काढली आणि कपडे भरायला घेतले. भरता भरता दिसलं की बागवालीचे कपडे चुरगळलेले पडलेत. तशी त्यांनी इस्त्री लावली. तिचे झाले, मग समोरच्या खोलीतलीचे, मग तिच्या शेजारणीचे. शिकवणाऱ्या बाई जिन्यावरून वर आल्या तेव्हा गॅलरीत कपड्यांचा ढीग होता आणि ताई घाम पुसत होत्या.

"राग इस्त्रीवर निघतोय वाटतं," बाई म्हणाल्या आणि पायरीवर बसल्या.

"मी उद्या जाते, बाई. माझी तिकडे गरज आहे. इथे मला शून्य मिळतंय."

बाईंनी एक शर्ट उचलून घडी घातली. मग म्हणाल्या, "माझी आगारातून बदली झाली ना, तेव्हा मी घरी बसून वाट पाहत होते, कधी फोन येतो. बसगाड्या उलट्यासुलट्या धावतील, लोक रस्त्यावर येतील, मला हातापाया पडून परत बोलावतील. महिना गेला. एकही फोन नाही. गाड्या वेळेवर. मी इतकी चिडले की त्या आगाराच्या रस्त्याने जाणंच सोडलं."

ताईंना हसू फुटलं. आवरूनही आवरेना.

"हसा. पण नंतर माझ्या लक्षात आलं. त्या लोकांना सगळं येत होतं. मी असताना ते करत नव्हते, कारण मी करू देत नव्हते." बाई उठल्या. "तुम्ही दिवसातून कितीदा फोन करता तिकडे?"

"मधल्या सुट्टीत करते," ताई म्हणाल्या. मग खरं ते बोलल्या, "प्रत्येक सुट्टीत."

"आता बंद करा. गरज पडली तर ते करतील. आणि ही इस्त्री मला द्या."

ताई राहिल्या. फोन बंद केला, म्हणजे बरंभाऊला करणं बंद केलं. सुरुवातीला व्यसन सोडल्यासारखं झालं. सुट्टी झाली की हात आपोआप फोनकडे जायचा. बरंभाऊचाही फोन येईना. ताईंच्या मनात सतरा शंका. मग हळूहळू, नाइलाजाने, त्यांचं लक्ष वर्गात लागायला लागलं. चूक झालेल्या माणसाला चारचौघांत न बोलता बाजूला घेऊन कसं बोलायचं, काम सांगताना कसं नव्हे तर काय हवंय ते कसं सांगायचं, सांगून झाल्यावर गप्प कसं राहायचं. गप्प राहायचं हा धडा ताईंना सगळ्यात जड गेला.

त्यासाठी बाईंनी त्यांना वेगळा अभ्यास दिला. बागवालीला शर्टाला इस्त्री करायला शिकवायचं, तेही स्वतःचे हात पाठीमागे बांधून. बागवालीने आयुष्यात इस्त्री धरली नव्हती. कॉलरवर तिने अशी चुणी पाडली की ताईंचे हात पाठीमागे एकमेकांत घट्ट आवळले गेले.

"द्या ना इक..." ताई म्हणाल्या आणि जीभ चावली. मग म्हणाल्या, "कॉलरवर इस्त्री मधून टोकाकडे न नेता टोकाकडून मध्ये नेली तर काय होईल?"

बागवालीने करून पाहिलं. चुणी गेली. ती लहान मुलीसारखी नाचली. तिच्यापेक्षा जास्त आनंद ताईंना झाला, आणि त्याचंच त्यांना नवल वाटलं. स्वतः हजारो शर्ट केले, पण असा आनंद कधी झाला नव्हता.

लेखी परीक्षा पार पडली. ताई पास झाल्या. पण प्रमाणपत्र लगेच मिळणार नव्हतं. शेवटचा भाग कामाच्या जागी व्हायचा होता: काही दिवसांनी परीक्षक येणार, अख्खी सकाळ बसून पाहणार, आणि त्या सकाळी विभाग दुय्यम माणसाने चालवायचा. प्रमुखाने पाहायचं, विचारलं तर बोलायचं.

घरी आल्या तर यजमानांनी दार उघडलं ते हातात झारा घेऊन. स्वयंपाकघरातले डबे सगळे इकडचे तिकडे. ताईंच्या ओठांवर शब्द आला होता, पण त्या प्रवासाने दमल्या होत्या आणि भाजीचा वास चांगला येत होता. त्या जेवल्या. भाजी खरंच चांगली होती.

दुसऱ्या दिवशी लाँड्रीत पाऊल टाकलं तर सगळं जागच्या जागी. यंत्रं घरघरत होती, रोलरवरून चादरी सरकत होत्या. एकच गोष्ट वेगळी दिसली. खिडकीतून वर पाहिलं तर रुग्णालयाच्या गच्चीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोऱ्या बांधलेल्या.

"त्या दोऱ्या कशाच्या?" त्यांनी घडीच्या टेबलावरच्या आत्याबाईंना विचारलं. आत्याबाई लाँड्रीतल्या सगळ्यात जुन्या, आणि पोटात काही न राहणाऱ्या.

"त्या होय? बॉयलर बसला होता ना तेव्हा..." आत्याबाईंनी तोंडावर हात ठेवला.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ताई गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात बॉयलर बंद पडला. वाफ नाही, तर गरम पाणी नाही, वाळवणं नाही, रोलर नाही. सुटा भाग यायला कित्येक दिवस लागणार होते. बरंभाऊने थिएटरचे कपडे पलीकडच्या मोठ्या रुग्णालयात पाठवायची सोय लावली, स्वतः जाऊन तिथल्या प्रमुखांशी बोलला. काही वॉर्डांच्या चादरी सरकारी वसतिगृहाच्या लाँड्रीत धुवायला जायला लागल्या. धुतलेलं वाळवायला गच्चीवर दोऱ्या बांधल्या. नर्सबाईंना गाठून सांगितलं, चादरी जपून वापरा, आमच्यावर वेळ आली आहे. त्यांनीही सांभाळून घेतलं. एकही ऑपरेशन पुढे ढकललं गेलं नाही.

"आणि अभ्रे कमी पडले," आत्याबाई म्हणाल्या, "तर तुमच्या यजमानांनी जुन्या चादरी कापून शिवून दिले. रोज संध्याकाळी मशीन घेऊन इथे बसायचे. किती गोड माणूस हो!"

ताईंचा पारा चढला. त्या तडक बरंभाऊसमोर उभ्या राहिल्या.

"बॉयलर बसतो, आणि मला एक फोन नाही? अख्ख्या रुग्णालयाला माहीत, माझ्या घरात माहीत, आणि मला नाही?"

बरंभाऊ यंत्राचं दार पुसत होता. त्याने फडकं खाली ठेवलं. "फोन केला असता तर तुम्ही काय केलं असतं, ताई?"

"काय म्हणजे? पहिल्या गाडीने आले असते!"

"म्हणूनच नाही केला. तुम्ही आला असता तर परीक्षा राहिली असती. मग इथे दुसरं कुणीतरी येऊन बसलं असतं." त्याने फडकं पुन्हा उचललं. इतकं बोलायची त्याला सवय नव्हती. "आम्हाला दुसरं कुणी नको होतं. आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं. तुमचे यजमान म्हणाले, तिला अजिबात कळू देऊ नका, तिला आयुष्यात पहिल्यांदा शाळेत गेल्यासारखं वाटतंय."

ताई वळल्या आणि जिना चढून गच्चीवर गेल्या. दोऱ्या अजून ताणलेल्या होत्या, नीट, सारख्या अंतरावर, मधे माणूस चालू शकेल इतकी जागा सोडून. ताई त्यांच्यामधून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते त्यांनी येऊ दिलं. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की ही सगळी माणसं आपण पाठीवर घेऊन चाललोय. आणि इकडे या माणसांनी दीड महिना त्यांना अलगद उचलून धरलं होतं, आणि कळूही दिलं नव्हतं.

घरी गेल्यावर यजमानांना म्हणाल्या, "तुम्ही अभ्रे शिवलेत."

ते चपापले. "कुणी सांगितलं? आत्याबाईंनी ना?"

"शिवण सरळ आहे," ताई म्हणाल्या. आता आभार कसे मानायचे? आभार परक्यांचे मानतात. नवऱ्याला 'आभारी आहे' म्हटलं असतं तर त्यांना वाटलं असतं हिला ताप आलाय. त्या एवढंच म्हणाल्या, "आज जेवण तुम्ही करा. ती कालसारखी भाजी करा." यजमानांना काय ते समजलं. ते शीळ घालतच उठले.

परीक्षेच्या दिवशी बाई आणि आणखी एक परीक्षक आले. भिंतीला लागून तीन खुर्च्या मांडल्या. ताई मधल्या खुर्चीवर बसल्या, आणि लाँड्रीतल्या सगळ्यांनी माना वळवून पाहिलं, कारण ताईंना बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

बरंभाऊने पाळी सुरू केली. हळू आवाजात सांगत होता, पण सांगत होता. रोलरवरच्या दोघांच्या जागांची त्याने अदलाबदल केली. ताई कधीच करणार नाहीत असं काहीतरी. काम मात्र भरभर झालं. ताईंनी हात मांडीवर ठेवले होते.

मग घोटाळा झाला. सकाळची घाई, दोन गाड्या शेजारी शेजारी, आणि थिएटरचे हिरवे कपडे वॉर्डाच्या गाडीवर चढायला लागले. बरंभाऊची पाठ तिकडे. ताईंना दिसलं. त्यांनी खुर्चीची कड पकडली. गाडी निघाली. दाराच्या दिशेने चार पावलं गेली.

"अहो, ते हिरवं कुठे घेऊन चाललात?" घडीच्या टेबलावरून आत्याबाई ओरडल्या.

बरंभाऊ फिरला. गाडी थांबवली, कपडे उतरवले, कुणाला काही बोलला नाही. फक्त दोन्ही गाड्या दोन वेगळ्या भिंतींना लावून घेतल्या आणि सांगितलं, "यापुढे भरताना शेजारी उभ्या करायच्या नाहीत."

काम संपल्यावर बाईंनी विचारलं, "गाडीचं तुम्हाला आधी दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

"मग बोलला नाहीत?"

"दारापर्यंत थांबायचं ठरवलं होतं," ताई म्हणाल्या. "दाराबाहेर गाडी जाऊ दिली नसती, पेशंटचा प्रश्न आहे. पण दारापर्यंत त्यांची वेळ होती. माझा जीव मात्र टांगणीला लागला होता, बाई."

बाईंनी दुसऱ्या परीक्षकांकडे पाहिलं. ते कागदावर लिहीत होते, लिहिता लिहिता मान डोलवत होते. "हे उत्तर वर्गात शिकवता येत नाही," बाई म्हणाल्या.

प्रमाणपत्र टपालाने आलं. अधीक्षकांनी छोटा समारंभ ठेवला, ताईंना दोन शब्द बोलायला सांगितलं. ताई उभ्या राहिल्या, सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "कागदावर माझं नाव आहे. चुकून." आणि बसल्या. लोक हसले, टाळ्या वाजल्या. आत्याबाई मात्र रडल्या, त्यांना निमित्तच हवं असतं.

त्यानंतर ताईंना दुपारी रिकामा वेळ मिळायला लागला. आधी त्याचं काय करायचं कळेना. मग त्या चहाचा कप घेऊन घडीच्या टेबलाशी बसायला लागल्या. तिथे त्यांना कळलं की आत्याबाई एकट्या राहतात आणि शेजारच्या तीन घरांतली मुलं सांभाळतात. रोलरवरचा पोरगेला माणूस रात्रशाळेत शिकतोय. बरंभाऊच्या मुलीला ऐकू कमी येतं आणि तो तिच्याशी हातांनी बोलतो, म्हणून त्याला मुळातच कमी बोलायची सवय. इतकी वर्षं शेजारी उभं राहून यातलं काहीच माहीत नव्हतं. ताई ऐकत राहायच्या आणि मनात म्हणायच्या, बरं झालं शून्य मिळालं.

प्रशिक्षण केंद्रातल्या बाईंना त्यांनी एकदा फोन केला. काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं, पण तिकडून आवाज आला आणि सगळं विसरल्या. "तुमची आठवण आली," एवढंच म्हणाल्या.

"फोन करायला लागलात की पुन्हा!" बाई म्हणाल्या आणि दोघी खूप हसल्या.

पुढच्या वर्षी नियम खालच्या पायरीपर्यंत आला आणि दुय्यम प्रमुखांनाही प्रशिक्षणाला जायचं ठरलं. ताईंनी स्वतः अर्जावर बरंभाऊचं नाव घालून अधीक्षकांकडे नेलं. तो म्हणत होता, मुलीला सोडून कसा जाऊ? तर ताई आणि त्यांचे यजमान त्याच्या घरी गेले, त्याच्या बायकोशी बोलले. मुलीने यजमानांना शिवणयंत्राची खूण शिकवली, हातांनी. दीड महिना रोज संध्याकाळी कुणी ना कुणी त्यांच्याकडे जाईल असं ठरलं.

बस थांब्यावर ताई त्याला सोडायला गेल्या. बॅग वर चढली. बरंभाऊ दारात उभा.

ताई म्हणाल्या, "भाऊ, तेव्हा तुम्ही मला फोन केला नाहीत..." त्यांनी बसच्या दाराचा दांडा धरला. "त्याचे मी कधी आभार मानले नाहीत. आता मानते."

बरंभाऊ लाजला. मान खाली घालून म्हणाला, "ताई, मी तुमच्या हाताखाली लागलो तेव्हा मला घडी घालता येत नव्हती. तुम्ही मला एकदाही घालवून दिलं नाहीत. दुसऱ्या कुणी ठेवलं नसतं."

"मी तुमच्या हातातली चादर काढून घ्यायचे," ताई म्हणाल्या.

"काढून घ्यायचात. पण शेजारी उभं राहू द्यायचात. बघून बघून शिकलो."

कंडक्टरने घंटी वाजवली. बस वळून रस्त्याला लागेपर्यंत ताई हात हलवत राहिल्या. यजमान बाजूच्या टपरीवर दोन चहा सांगून बसले होते. ताई त्यांच्या शेजारी बाकावर जाऊन बसल्या. लाँड्रीची पाळी सुरू होऊन बराच वेळ झाला होता. तिथे आज आत्याबाई सांभाळत होत्या. ताईंनी चहा सावकाश प्यायला.